हिंगाची डबी

पेसाहला अकरा दिवस उरले होते.
टेंभी नाक्याच्या सिनेगॉगात, मागच्या खोलीत
आम्ही नऊ जण, आणि बंद पडलेला पंखा.
हानोख मास्तर झिराडकर,
वागळे इस्टेटीत बत्तीस वर्षं मापं तपासलेला माणूस,
भिंग धरून हिंगाची डबी वाचत होते.
मांडीवर पोथी मिटलेली, खुणेला एक बोट आत.

'गव्हाचं पीठ,' ते म्हणाले. 'पहिलंच नाव. हिंग मागून.'

सिमहाबाई नवगावकर म्हणाल्या, 'म्हणजे वरणात?'
'वरणात.'
'आमटीत?'
'आमटीतही.'
'आणि मी पन्नास वर्षं घर धुते,
पातेल्यांना कल्हई काढून घेते,
बरण्या गच्चीवर पालथ्या घालते,
मेणबत्ती घेऊन पलंगाखाली बिस्किटाचा चुरा शोधते,
आणि तो मेला इथे? मिसळणाच्या डब्यात? हाताशी?'

'नकळत खाल्लं ते सुटलं,' मास्तर म्हणाले.
'आज वाचलं. आता लागू.'
'वाचायलाच नको होतं,' एल्काना पुटपुटला,
आणि आम्ही हसलो, सिमहाबाई सोडून.

मग मास्तरांनी बोट होतं ते पान उघडलं.
गुलामीतून सुटलेली माणसं रानात बसून रडतायत:
मिसरातल्या काकड्या आठवतायत, कांदे,
लसूण.
समुद्र दुभंगलेला पाहिला त्यांनी,
आणि रडतायत लसणासाठी.
मी या ओळी पूर्वीही ऐकल्या होत्या.
लसूण कधी ऐकू आला नव्हता.

घरी आले. चरईतल्या आमच्या मजल्यावर
समोरच्या कुमुदिनी गुप्तेला डबी विकली,
रवा, मैदा, शेवयांच्या पुड्यासकट,
सव्वा रुपयाला.
'सण झाला की आणून देते,' ती म्हणाली.
'तसं म्हणू नकोस गं, विक्री खरी लागते.'
'मग वापरू?'
'वापर.'
तिनं चार आण्यांसाठी सगळं घर उलटंपालटं केलं,
शेवटी देव्हाऱ्यातली पावली दिली, जुनी, गुळगुळीत.

रात्री रिकामं फडताळ व्हिनेगरनं पुसायला घेतलं,
मग आठवलं व्हिनेगरचंही बघायला हवं.
नुसत्या पाण्यानं पुसलं.
डबी होती तिथे एक गोल उमटलेला,
आणि वास.
दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं नाही.

साडेनऊला दिमोनाहून योनाचा फोन.
तिकडे वारा सुटलाय, डोळ्यांत वाळू जाते,
धाकटीला चार प्रश्न हिब्रूतून पाठ झालेत,
मराठीतून एकच येतो, तोही अर्धा.
'आणि आई, कुणी इकडे येणारं असेल
तर हिंग पाठव. इथल्या वरणाला काही वासच नाही.'
कुठला, ते त्यानं सांगितलं.
तीच डबी.

'सण होऊ दे,' मी म्हटलं.
मास्तरांना विचारायचं राहिलं होतं,
डबी विकली की तिच्याबरोबर वासही विकला जातो का.

समोर कुमुदिनीकडे
मोहरी तडतडली.