घंगाळाचा फोटो

पहिल्या फोटोत घंगाळ नव्हतंच,
एक पांढरा जाळ होता
आणि जाळाखाली माझा निळा गाऊन,
पोटाशी फुगलेला, वर सुपारीएवढं डोकं.
नणंद पुण्यात, ऑर्डरी तीच घेते.
तिनं विचारलं, वहिनी, भांडं कुठंय?

कॅमेरा भाच्याचा, जुना. झूम अडकलेला,
बॅटरीच्या झाकणाला रबरबँड.
दूध बाजारात मोमीनचाचा पासपोर्टचे फोटो काढतात,
त्यांना दाखवला तर म्हणाले,
झूम अडकला ना? पाय तर नाही अडकले?
चार पावलं पुढं जा.
आणि फ्लॅशवर आधी चिकटपट्टी लाव,
तांब्याला कुणी विस्तव दाखवतं का?
दाखवतात की, मी म्हटलं, आमच्या घरी रोज दाखवतात.
हसले. पैसे घेतले नाहीत,
चिकटपट्टीही दिली नाही.

सकाळी आठला तांबट आळीत ऊन येत नाही.
समोरच्या चुन्याच्या भिंतीवर येतं,
आणि भिंत त्यातलं थोडं आमच्या ओट्याला देते,
शेजारणीनं विरजण द्यावं तसं, वाटीत.
तेवढं पुरतं.
अकराचं ऊन नको, ते ओरडतं.

कोपरं बरगड्यांना टेकवायची,
श्वास निम्मा सोडून थांबायचं,
बटण निम्मं दाबायचं, मग उरलेलं.
हे मला लगेच जमलं.
सुईत दोरा ओवताना मी दुसरं काय करते?

चादरीनं मात्र पंधरवडा खाल्ला.
घंगाळामागे धरली तर तिच्यावरचा हळदीचा डाग
फोटोत पुढे पुढे.
मग समोर टांगली, मधोमध लिंबाएवढं भोक पाडलं
(घरात अजून सांगितलेलं नाही)
आणि भोकातून पाहिलं:
घंगाळाच्या अंगावरची स्कूटर गेली, वायरी गेल्या,
मी गेले,
दुधासारखं पांढरं पसरलं सगळीकडे.
काठ, कड्या, बुड, सगळं जागच्या जागी.

चांदवडचं गिऱ्हाईक म्हणालं,
हे तर मशीनवरचं दिसतंय. हातचं नाही का?

ह्यांना काय सांगणार?
चार दिवस मांडी घालून घातलेले मठार,
एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला खेटून,
आणि माझ्या चादरीनं सगळे गिळले.

चाचांचं शटर खाली. मालेगावला लेकीकडे गेलेत.
वाट वाकडी करून घाटावर गेले. बुधवार होता,
बाजार उठायला आलेला.
दुतोंड्या मारुतीवर ऊन आडवं पडलं होतं,
दंडावरचे शेंदराचे थर मोजता येत होते.
तोच दंड मी भर दुपारी
पाटीसारखा सपाट पाहिलाय.
कॅमेरा पिशवीतच. नुसती बघत राहिले.
मागून भाजीवाली कावली,
बाजूला हो ना बाई, उजेड अडवतीस माझ्या मेथीचा.

बाजूला.

दुसऱ्या दिवशी चादरीची घडी निम्मी केली,
टांगली फक्त उजवीकडे.
डावीकडे काहीच नाही, तिथला अंधार तिथंच.
आणि ठोके वर आले.
एकेका खळग्यात भिंतीवरचा एकेक पांढरा दाणा,
त्याच्याखाली निळा दाणा,
इतका बारीक की आधी वाटलं भिंगावर धूळ आहे.
पदरानं पुसली. गेली नाही.
पुन्हा पुसली.

नणंदेचा फोन: वहिनी, आता दिसतंय हातचं!
पण ते निळं निळं काय आहे गं सगळीकडे?
चिंचेनं नीट घासलं नाहीस का?

घासलंय, म्हटलं. ती मी आहे.
राहू दे तशीच,
आणि किंमत दोनशेनं वाढव.