चारशे बारा फूट

केबिन नंबर सहा. एक माणूस, दोन रात्री.
अर्जात ‘सोबत कोण?’ असं विचारलं होतं,
तिथे मी रेघ मारली.
नोव्हेंबरात ओझार्कच्या या डोंगरांत कोणी फिरकत नाही,
ट्राउट धरणारेसुद्धा गळ गुंडाळून गेलेत.
चुलीपाशी ओकची लाकडं, एक तवा, दोन कप.
दुसरा कप पालथा ठेवला.

चाळीस वर्षं मी लोकांना बोअर मारून दिले.
यंत्राने माझे दोन्ही कान खाल्ले,
हात तेवढा शाबूत आहे. हा, उजवा.
पोलादी दोरावर तळवा टेकला की कळायचं
खाली चुनखडक आहे, चिकणमाती आहे, की नुसती पोकळी.
नाडी बघावी तसं.
फुटामागे आठ डॉलर. पाणी लागो, न लागो.

इथे कड्याच्या पायथ्याशी
जमिनीने एक निळा डोळा उघडा टाकलाय
आणि त्यातून पाणी येतच राहतं,
डिझेल नाही, पाइप नाही, पावती नाही.
काठावर जलकुंभी इतकी हिरवी
की थंडीला लाज वाटावी.
लाकडी पुलाच्या कठड्यावर मी हात ठेवला.
कानांना काही नाही.
तळव्याला सगळं.

दुसऱ्या सकाळी रेंजर पोरगी आली, लीटा,
नमुने भरायला, काचेच्या नळ्या घेऊन.
ऐकू येत नाही म्हटल्यावर ती ओरडली नाही,
खिशातली वही काढली.
वसंतात त्यांनी हिरवा रंग ओतला होता
सव्वीस मैलांवर, खचलेल्या एका खड्ड्यात.
अकराव्या दिवशी हा झरा हिरवागार झाला.
खड्डा कोणाच्या शेतात, मी विचारलं,
बहुतेक जरा मोठ्यानेच,
कारण झाडावरचा खंड्या उडाला.
तिने लिहिलं: पिक्रेल.

एकोणीसशे शहाऐंशी. ऑगस्ट.
युडोरा पिक्रेल, पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट,
रोज दुपारी मला दोन उकडलेली अंडी आणायची,
मिठाची पुडी वेगळी.
तीनशे फुटांवर तिने विचारलं नाही.
साडेतीनशेवर विचारलं नाही.
चारशे बारावर मी यंत्र बंद केलं
आणि तिच्या अंगणात पांढरी धूळ बसत राहिली
कितीतरी वेळ.

तीन हजार दोनशे शहाण्णव डॉलर.
तिने वासरं विकली, तरी पुरे पडले नाहीत,
मग दरमहा एक पाकीट, आत चाळीस, चिठ्ठी नाही.
सात वर्षं.
शेवटच्या पाकिटात सोळा निघाले,
तिने हिशेब ठेवला होता.
माझ्या पोटातलं पाणी हललं नाही.
करार म्हणजे करार.

पण जे कोणाला सांगितलं नाही ते हे:
दोनशे नव्वद फुटांवर दोर थरथरला होता.
एकदाच. डावीकडून.
जवळून कोणी मोठं जनावर चालत गेल्यासारखा.
यंत्र हलवायचं म्हणजे पुन्हा शून्यापासून,
आणि ते फूट माझ्या पदरचे.
मी हात पँटला पुसला
आणि खालीच जात राहिलो.

म्हणजे ते हेच होतं.
तिच्या गायींच्या खुरांखालून अंधारात निघून
अकरा दिवस चालत
इथे, पर्यटकांच्या फोटोंत.

युडोरा आहे का, मी विचारलं.
लीटाने मान हलवली, मग लिहिलं:
नात राहते. टँकरने पाणी आणते.

दुसरी रात्र मी राहिलो नाही.
किल्ली पेटीत टाकली, चूल विझवली,
कप तसाच पालथा.
गाडीत एक खुंटी आहे, हातोडा आहे.
तिथून डावीकडे किती पावलं
हे हाताला आठवत असेल.
नसेलही.
आधी दार वाजवावं लागेल,
आणि आतून कोणी ‘कोण?’ म्हणालं
तर ते मला ऐकू येणार नाही.