मागची सीट

ही चावी, वैजयंतीताई. काळी पाटी, पिवळी अक्षरं,
म्हणजे भाड्याची गाडी हे लांबूनच कळतं.
हवालदार हात दाखवेल. कागद निळ्या फोल्डरात आहेत.
आधी पोरं दाखवा, मग कागद.

तिकडे उत्रेख्तला तुम्ही उजवीकडून चालवता.
इथं डावीकडून. पहिले दोन दिवस
वळायला जाल आणि कोरड्या काचेवर वायपर फिरेल,
भर उन्हात, सगळ्या पेडण्याच्या बाजारासमोर.
फिरू दे. कोरडा वायपर म्हणजे पाहुणे,
लोक आपसूक बाजूला होतात.

बाळाची खुर्ची म्हापशाहून आणवली,
तुम्ही तीनदा लिहिलंत म्हणून.
ती बसवायला मला नि मेव्हण्याला एक सकाळ लागली.
हलवून बघा.
अजून एकदा.

नकाशातली बाई 'सरळ जा' म्हणेल,
आणि सरळ खाजन असेल, बांधावर एक बगळा.
त्यापेक्षा माणसाला विचारा. तो म्हणेल, पांढरा कुरीस आला की डावी.
वाटेत पांढरे कुरीस सात येतील.
तरीही माणसालाच विचारा.

चिऱ्यांच्या गडग्यांमधून बस समोर आली
तर तुम्हीच मागे घ्या.
बसला मागे जाणं शिकवलेलं नाही.

चोरल्याचा घाट करायचाच असेल तर सकाळी दूध नको.
सुकेळी द्या, थोडी थोडी.
पिशवी आणि कपड्यांचा एक जोड हाताशी, डिकीत नव्हे;
उलटी विचारून येत नाही.
साहेबांना मागे बसवा, ते झोपले तरी चालेल,
पोरं त्यांच्यावर झोपतील.

केरीच्या फेरीत गाडी चढली की हँडब्रेक ओढा,
पोरांना खाली उतरवा, हात धरून.
पलीकडचं तेरेखोल पाच मिनिटांत येतं,
पण तारिणीला वाटेल, आपण देश ओलांडला.
सांगू नका, नाही म्हणून.
तिला हा सगळाच परदेश आहे.

आणि बंद गाडीत, उन्हात, पोर एक मिनिटही ठेवू नका,
शहाळं घ्यायलासुद्धा.
हे मी हसत सांगत नाही.

मला किती मुलं?
दोन. थोरला बाणावलीला हॉटेलात, धाकटी नर्सिंग शिकते.
त्यांना घेऊन मी कुठं गेलो नाही, ताई.
दिवाळी, नाताळ, मे,
शाळेला सुट्टी पडली की गाडी बुक.
त्यांनी गाड्या पुसल्या.
धाकटी पुसताना स्टिअरिंगमागे बसून घ्यायची थोडा वेळ,
इंजिन बंद, तोंडाने आवाज काढत,
मी गिऱ्हाइकाशी फोनवर.

मला जे कळतं ते मागच्या सीटवरून.
गाडी परत येते, मी झाडायला घेतो.
बिस्किटांचा चुरा: सकाळी निघायला घाई झाली.
काचेवर आतून जिभेची खूण: पुलावर ट्रॅफिक होता.
सीटच्या पाठीला लाथांचे ठसे, सगळे एकाच उंचीवर.
ओली वाळू फक्त एका बाजूला:
तिथं कुणीतरी झोपलेलं पोर उचलून ठेवलं.
एकदा बेल्टच्या खाचेत, टिश्यूत गुंडाळलेला, दुधाचा दात.
नागपूरचं कुटुंब. मी कुरियर केला,
पंचाहत्तर रुपये पडले. त्यांचा फोन आला,
मुलगी रडायची थांबली म्हणाले.

तर एवढंच.
अंधार पडला की गुरं डांबरावर येऊन बसतात,
डांबर ऊबदार असतं म्हणून. हळू चालवा.
परत देताना गाडी झाडू नका.
पेट्रोल मात्र अर्धी टाकी.