मानशीची फळी

सकाळी पणजीत, दुपारी मंडूरच्या बांधावर.
दोन विषय एकदम घेतले तेव्हा बाबा म्हणाले,
"एकाच पगारासाठी दोन उपास कशाला?"
ताळगावच्या पठारावर वारा असा सुटतो
की इतिहासाच्या वर्गातलं झेरॉक्सचं पान
जिना उतरून मानववंशशास्त्राच्या दारात पडतं.
मी ते उचलायला गेले
आणि तिथंच राहिले,
अर्धी.

पुराभिलेखागारात शाईला बंदी.
गोकुळदास माझं पेन काढून घेतो,
शिसपेन्सिल देतो:
"दाबून लिहू नका, कागद खालचा दुखतो."
कसरीनं चाळण केलेली पोर्तुगीज पानं,
मधेच मोडीतल्या चार ओळी,
लेखणी न उचलता लिहिलेल्या,
उचलली तर कुणी पळवील अशा धास्तीनं.
१८८९. बांध फुटला.
राखणीची सात माणसं गैरहजर.
दंड: दर माणशी अर्धी खंडी भात.
खाली सही, देखणी, वळणदार,
आबू सिनाय तळावलीकार.

माझं आडनाव.
मी खोडरबर शोधत बसले, कशासाठी कोण जाणे.

कारापूरकारबाई विचारतात: दुसरा साक्षीदार?
आताईद सर विचारतात: कोण सांगतं, कुणाला,
आणि सांगताना हातात काय होतं?

हातात कोळंबी होती.
एस्पेरांस माय उंबऱ्यावर सोलत बसलेली.
मी वहीत तिचं कूळ मांडत होते,
पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
"आणि तूं कोणाचें गो?"
मी आडनाव सांगितलं.
सोलायचं थांबलं नाही.
कोळंबीची डोकी तिनं एकेक करून जमिनीवर लावली:
हा आबू भाटकार, ही त्याची पहिली, ही दुसरी,
हा तुझा पणजा.
आणि हे जरा लांब ठेवलेलं डोकं,
त्याची धाकटी बहीण,
जिच्याबद्दल आमच्या घरी कुणी कधी बोललं नाही.
मांजर आलं आणि माझा पणजा घेऊन गेलं.

"त्या राती भाटकार स्वता आयलो," ती म्हणाली,
"धोतर खोचून, माथ्यार चिखलाची पांटली.
माझ्या मांयच्या मांयन पळयला.
रडत आशिल्लो."

बाई म्हणाल्या, एका तोंडची गोष्ट. तळटीप करा.
सर म्हणाले, तुझं आडनाव ऐकल्यावर सांगितली ना?
ते आधी लिही.

वसतिगृहात पंखा टकटक करत होता.
मी दोन्ही वह्या उशाशी घेऊन जागी.
दंड ठोकून झाल्यावर तो खरंच घरून निघाला असेल?
की दारी आलेल्या पोरीला
रिकामं कसं पाठवायचं म्हणून
म्हातारीनं त्याच्या डोक्यावर पांटली चढवली?
आणि ती सात माणसं:
यादी वाचली तेव्हा कचेरीपाशी नव्हती,
हे खरं.
छातीएवढ्या पाण्यात कोण उभं होतं
हे यादीला कुणी विचारलं नाही.

परत गेले तेव्हा भरती लागली होती.
"उलोवप मागीर," माय म्हणाली, "फळी सोड."
वह्या बांधावर ठेवल्या.
मानशीची फळी भिजून माणसाएवढी जड.
ती खाली गेली, अडली, पुन्हा गेली,
आणि नदी त्या अंगाला
बोटभर चढून उभी राहिली.
इकडे कोरगुटाच्या रोपांना काही कळलं नाही.
माय शिव्या देत होती, मला की फळीला,
ते नोंदवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी गोकुळदासनं अडवलं.
"ही वही आत नको. माती आहे."
कपाटात ठेवली, किल्ली घेतली.
"हात पण."
धुतले. नखांतलं राहिलं.
बस्ता सोडला, पान काढलं, उतरून घेऊ लागले,
गैरहजर,
आणि टोक मोडलं.
त्यानं काही न बोलता
दुसरी पेन्सिल पुढे सरकवली.