शिरगणती

म्हणायचं शिरगणती,
पण डोकं वर काढतो कोण?
आम्ही मोजतो तो श्वास:
क्षितिजाच्या खाली दोन बोटं,
पांढरा, बदामाएवढा,
वाऱ्यानं उमटल्या उमटल्या पुसलेला.

कार्मेलच्या दक्षिणेला, कड्यावर, दोन लाकडी खोपटी.
एकात मी, दुसऱ्यात डोरिन हॅस्केल.
मध्ये बारा पावलं आणि एक नियम:
पाहताना बोलायचं नाही.
"तो बघ!" म्हणायला जीभ शिवशिवते.
ओठ मिटून लिहिते
नऊ चौदा, दक्षिणेकडे, दोन.

संध्याकाळी थर्मासच्या झाकणात कॉफी,
आणि दोन वह्या शेजारी शेजारी.
मला दिसले तीस, तिला चोवीस.
दोघींनाही दिसलेले, अठरा.
म्हणजे निरनिराळे छत्तीस.
आणि गणित म्हणतं, गेले असतील चाळीस.
चार देवमासे
आमच्या दोघींच्या नजरांमधून
अंग चोरून उत्तरेहून दक्षिणेला गेले.

हे अंदाजपंचे नाही, बरं का.
तिला दिसलेल्यांतले मला किती दिसले
यावरून कळतं माझी नजर किती खरी,
आणि माझ्यावरून तिची.
त्या चारांना मी म्हणते हातचे.
डोरिनला शब्द आवडला.
"हाचा," ती म्हणते, आणि चार बोटं दाखवते.

तिचा आजोबा मॉस लँडिंगला चरबीच्या कढयांवर होता.
त्याची वही आहे तिच्याकडे, अजून तेलकट:
तारीख, लांबी फुटांत, पिंपं.
कुठे "सुमारे" नाही, खाडाखोड नाही.
मेलेले मोजायला सोपे,
दोरानं बांधलेले असतात.
(भाला लागून बुडाले, त्यांची ओळ नाही.)

वर्तमानपत्राचा पोरगा येतो दरवर्षी.
शिकार थांबून इतकी वर्षं झाली,
मग आता झाले का पूर्वीइतके?
"पूर्वी म्हणजे कधी?" डोरिन विचारते.
तो घड्याळात बघतो.
पूर्वी कुणी मोजत नव्हतं.
मोजायला लागले तेव्हा
तेल मोजायला लागले.

जानेवारीत एका मंगळवारी
मला तीस. तिला बारा.
दोघींना नऊ.
मी पुन्हा मांडून पाहिलं. चाळीसच.
बेरीज हलली नव्हती,
हातचे तेवढे चारांचे सात झाले होते.
मी वही जरा लवकर मिटली.
सूत्र मला तिनंच शिकवलेलं,
याच बाकावर, ग्रॅहमच्या खोक्यावर खडूनं.
"सात," ती म्हणाली. कॉफी संपवली.
मग चष्मा काढून पदराएवढ्या रुमालानं पुसत बसली,
बराच वेळ, जणू काचेचाच दोष.

शुक्रवारी धुकं.
फॉर्ममध्ये धुक्याला एकच अक्षर आहे, ते मी भरलं.
मोजणी बंद.
बाहेर आले तर ती कठड्याशी,
डोळे मिटलेले, कान समुद्राकडे.
खाली लाटा, सीलांची कुरकुर,
लांब कुठे ट्रकचा गिअर.
तिनं एक बोट वर केलं.
थांबली.
दुसरं.

मी दम धरून ऐकत राहिले.
मला एकही ऐकू आला नव्हता.