खारीक अजून उतरलेली नाही

सामानाचा ट्रक चार दिवसांनी येईल म्हणाले.
ट्रकवाल्याच्या भरवशावर सोडवेना ते गाडीत घेतलं :
शेगडी, पोळपाट, प्लॅस्टिकच्या फोल्डरात बदलीचा आदेश,
आणि मागच्या सीटवर, विटक्या सोलापुरी चादरीवर,
खारीक.
तुळस वैरागडे काकूंना दिली.
खारीकही ठेवून जा म्हणत होत्या.

वर्धा ते घणसोली, साडेसहाशे किलोमीटर.
समृद्धीवर वळण नाही, गुरं नाहीत, टपरी नाही,
कुत्रीनं खिडकीतून बघावं असं काही नाही.
ती तरी बघत राहिली.
कारंज्याला पाणी नाकारलं.
मेहकरजवळ तीनदा ओकली,
आणि मी पुसताना दर वेळी
माझ्याकडे अशी बघायची
की बरं मलाच नाहीये.
सिन्नरला पंपावरचा पोरगा म्हणाला, चावते का?
म्हटलं, नाही, कंटाळते.

सकाळपासून मुतली नव्हती.
तिचा एक ठरलेला कडुनिंब होता पोस्टाच्या भिंतीमागे.
तो मला आणता आला नाही.

इगतपुरीचा बोगदा आला तशी ती
खालच्या आवाजात रडायला लागली.
बोगदा आठ किलोमीटर.
गप्प करायला मी काहीबाही बोलत सुटले :
भाडं एकतीस हजार, तिसरा मजला,
मालक मांसाहाराला हो म्हणतो, कुत्र्याला बघू म्हणतो.
मग बोलता बोलता,
पिवळ्या दिव्यांमागून पिवळे दिवे जात असताना,
म्हणून गेले :
बदली झाली नाही गं. मी मागून घेतली.

हे काकूंना माहीत नाही. ऑफिसात नाही.
ज्याच्यामुळे मागितली त्याला तर नाहीच.
खारकेनं जांभई दिली.
बोगदा संपला.

खारेगावच्या पुलावर मात्र उठून उभी राहिली.
काच चार बोटं खाली केली.
चिखल, मीठ, मासळी, कुठंतरी जळणारं रबर,
खाडीचा सगळा वास तिनं नाकानं उलगडून घेतला
आणि साडेसहाशे किलोमीटरांत पहिल्यांदा
शेपूट सीटवर आपटली. दोनदा.
मला नुसतीच घाण आली.

विटाव्याच्या बुटक्या पुलाखालून
माणसं गाडीतसुद्धा मान खाली घालतात.
मीही घातली.

गेटवर झुंबर आव्हाड, रात्रपाळी, मोठी वही.
नाव. फ्लॅट. गाडी नंबर. माणसं किती?
दोन, म्हटलं.
त्यांनी मागं टॉर्च मारला, एक लिहिलं,
पेन थांबवलं,
मग शेऱ्याच्या रकान्यात विचारून विचारून लिहिलं : खारीक.

ती उतरेना.
ओढली, बिस्कीट दाखवलं, शेवटी शिव्याही दिल्या.
चार पाय चार खुंट्या.
वर जाऊन घर उघडलं. रंगाचा वास, रिकाम्या भिंती,
मी खोकले तर घर खोकलं.
उशी घेऊन खाली आले.

चारच्या सुमाराला ती आपणहून उडी मारून गेली,
बी-चौदाच्या खांबाशी,
आणि जे सुरू केलं ते थांबेचना.
आव्हाड वही मिटून बघत राहिले.
मग परत गाडीत.

सकाळी ट्रॅकसूटमधल्या एका गृहस्थांनी काचेवर टिचकी मारली :
लवकर निघालात? कुठं?
निघाले नाही, म्हटलं. आलेय.

आज तिसरा दिवस. सेक्रेटरींची नोटीस आलीय, खांबाबद्दल.
ती मी आदेशाच्याच फोल्डरात ठेवली.
ऑफिसातून आले की डबा घेऊन खालीच बसते,
पोळीचा तुकडा मागं, एक मला.
ट्रक उद्या येईल. कदाचित परवा.

झोप आली नाही तर ती कुरकुरते.
मग मी चावी फिरवते,
इंजिन नुसतं पाच मिनिटं चालू ठेवते.
तिला वाटतं, चाललोय.
डोकं पंजांवर टेकते, घोरायला लागते.

आव्हाड लांबून हातानं विचारतात, काय?
मी हातानंच सांगते,
थांबा, अजून थोडं राहिलंय.