तळची ओळ

मोहटोल्यापासून समुद्र किती लांब, कुणी मोजलं नव्हतं.
पाणी म्हणजे मालगुजारी तलाव,
धिवरांचे दोन डोंगे, शिंगाड्याची वेल.
तरी परशुरामकर गुरुजी
धोतराच्या फडक्यात बांधलेलं पुस्तक घेऊन आले,
ओसरीत उघडून म्हणाले,
"दसारामजी, असं जहाज पाहिजे. प्रदर्शनाला. वीस दिवसांत."

बाबा बंडीचे वाढई.
त्यांनी चित्रावर अंगठा सरकवत मोजलं.
वल्ह्यांच्या तीन ओळी, एकीवर एक,
एकशे सत्तर माणसं
आणि पोट आमच्या गोठ्याहून अरुंद.
"हे जहाज नोहे गुरुजी, गोम हाये."
समोर पाण्याला टेकलेलं काशाचं शिंग,
दुसऱ्या जहाजाची कूस फोडायला.
बाबा त्या शिंगाकडे बराच वेळ बघत राहिले.
शिंग आधी ठरलं असणार,
बैल मागून जोडला असणार.

फळ्या आधी, फासळ्या नंतर, असं पुस्तक म्हणे.
कडेला कड, सालीत कुसू, वरून खुंटी.
"आधी कातडं, मंग हाडं," बाबा हसले,
पण तसंच केलं, बिजाच्या लाकडात,
आणि खिळा एकही मारला नाही.

मग ते म्हणाले, एवढं लांब लाकूड
लाटेवर मधेच मोडेल.
गुरुजींनी पान उलटलं:
या टोकापासून त्या टोकापर्यंत पोटातून एक दोर,
पिळून पिळून ताणलेला.
बाबा उठले, आजोबांच्या बाजेकडे गेले,
पायथ्याची दोरी बोटानं वाजवून आले.
"अदवाण," म्हणाले. "बस, अदवाण हाये थे."
गुरुजींच्या पुस्तकात तिला भलतंच लांब नाव होतं.

अडलं ते वल्ह्यांपाशी.
बांबूच्या काड्या एकमेकींत अडकायच्या.
सहा रात्री कंदील, सहा रात्री काड्या,
सकाळी चुलीत जळण.

सातव्या दिवशी आई रोवण्यावरून आली,
पोटऱ्यांपर्यंत चिखल.
उभ्या उभ्या बघून म्हणाली,
"दोन हात सोडा ना जी मधात.
आमी वीस जणी वाकतो एका बांधीत,
कोनाचा हात कोनाले लागते का?"
गुरुजींनी पान शोधलं.
तिथंही दोनच हात लिहिलं होतं.
ते तिला सांगू लागले, वल्हेकरी पाठमोरे बसायचे,
जायचं तिकडे त्यांची पाठ असायची.
आई पाय धुता धुता म्हणाली, "मंग?
रोवनाऱ्या बायाबी मागंमागंच जातेत.
पुढं काय रोवलं, थेवढं दिसते."

तलावात सोडलं तर कलंडलं.
पुन्हा सोडलं, पुन्हा कलंडलं.
डोंग्यातून काशीराम धिवर ओरडला,
"मानसं कुटं हायेत त्यात?"
मी घरून मोहाच्या टोळी आणल्या,
एकेका बाकावर एकेक बी.
साठ बिया बसल्या आणि ते सरळ उभं राहिलं,
जणू इतका वेळ कुणाची तरी वाटच बघत होतं.
ढकललं तर शिंग वेलीत रुतलं.
"आता लगेच मागे घ्यायचं," गुरुजी म्हणाले,
"नाहीतर मारणाराही बुडतो."

परतताना बाबांनी विचारलं,
तळच्या ओळीत कोण बसायचं?
"ज्यांना वरती कुणी बसू देत नसे ते," गुरुजी म्हणाले.
"त्यांना समुद्र दिसत नसे.
वरच्याची पाठ, आणि त्याचा घाम."
बाबा काही बोलले नाहीत.

साकोलीला तिसरा नंबर आला.
परीक्षकांनी शेरा लिहिला:
काम सुबक, परंतु खालच्या रांगेची भोकं
प्रमाणाबाहेर मोठी.

मी ती रात्री बघितली होती, कंदिलात,
बाबा पटाशीनं तीच भोकं कोरत होते
आणि मधूनमधून एक टोळ
आतून बाहेर काढून बघत होते,
मुंडकं निघतं की नाही.